पॉलिसीतला तिसरा माणूस

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस लगेच किंमत विचारत नाही. आधी घोड्याभोवती एक शांत फेरी मारतो. अंगावरचे भोवरे बघतो, ओठ वर करून दात बघतो, कारण वय दातांवरून कळतं. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर घोडा पंचकल्याणी. गळ्यावर देवमण असेल तर मालकाचा आवाज आपोआप चढतो. मग चाल बघायची, पळवून बघायचं, आणि त्यानंतर भावाचं बोलणं. दत्तजयंतीला तापीच्या काठावर भरणाऱ्या या बाजारात मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा घोडे येतात. काहींची किंमत एखाद्या चांगल्या मोटारीएवढी असते.

या सगळ्या पारखीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भोवरा शुभ की अशुभ, हे ठरतं ते मालकाच्या दृष्टीने. घोडा घराला लाभेल का, स्वाराला पाडेल का, पैसे फिटतील का. वाटेत समोरून येणाऱ्या माणसाचा विचार करणारा एकही भोवरा अश्वपरीक्षेत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून पुण्याला, बंगळुरूला गेलेली माझ्या पिढीची पोरं आता घोड्याऐवजी गाडीची पारख करतात. शून्य ते शंभर किती सेकंदात, टॉर्क किती, ग्राउंड क्लिअरन्स किती. कंपनीतल्या जेवणाच्या टेबलावर स्पोर्ट्स कारच्या गप्पा सुरू झाल्या की त्या संपत नाहीत. संपतात त्या फक्त इन्शुरन्सचा विषय निघाला की. तो कागद सगळ्यात शेवटी, शोरूममधल्या माणसाने बोट ठेवलं तिथे सही करून, उरकायचा असतो. पण मला गाडीइतकाच तो कागदही रंजक वाटतो. कारण त्यात शंभरेक वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

कागदाचे दोन भाग असतात. पहिला तुमच्या गाडीचा, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. इथे सगळी गणितं मालकाच्या बाजूची आहेत. शोरूममधल्या किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून गाडीचं विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरतं. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट. म्हणजे आज ५० लाखांना घेतलेली गाडी दहाव्या महिन्यात चोरीला गेली, तर हिशेब ४२ लाख ५० हजारांवर सुरू होतो. उरलेली तफावत भरून हवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ नावाची जोड घ्यावी लागते. दुरुस्तीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरच्या भागांवर ३० टक्के कापले जातात. स्पोर्ट्स कारच्या अंगावर प्लास्टिक आणि फायबर भरपूर, म्हणून तिथे ‘झिरो डेप’ घेणं ही चैन नसून गरज आहे. आणि आपल्याकडच्या फरशी पुलांवरून पावसाळ्यात पाणी वाहतं तेव्हा जमिनीला टेकलेली गाडी त्यात घालून ती बंद पडली, आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं.

सगळ्यात गमतीचं कलम मात्र वापराच्या मर्यादेचं आहे. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी आणि टिकाऊपणाची चाचणी यांसाठी केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. गाडीच्या नावात ‘स्पोर्ट्स’ आहे, पण विमा उतरवला जातो तो स्पोर्ट सोडून बाकी सगळ्याचा.

दुसरा भाग ‘थर्ड पार्टी’. करारातला पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे ज्याची सही या कागदावर नाही, ज्याला हा कागद अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नाही, असा रस्त्यावरचा कोणीही. या भागाचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला वर्षाला ७,८९७ रुपये. मग ती दोन हजार दोनशे सीसीची स्कॉर्पिओ असो नाहीतर पाच लिटर इंजिनाची मस्टँग. तुमचा वेग, तुमचं वय, तुमची हौस यांच्याशी या आकड्याला काही देणंघेणं नाही.

हा तिसरा माणूस कागदावर आला कधी? भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी होती, परवाना होता, पण विम्याची सक्ती नव्हती. मुंबईत तेव्हा विमा कंपन्या नव्हत्या असं नाही. सर दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ काढली होती. त्याच घराण्यातल्या तरुण जेआरडींकडे पुढे बुगाटी होती. ती मुंबईच्या रस्त्यावर फार वेगात चालवली म्हणून त्यांच्यावर आरोप आला, बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी या वकिलाला गाठलं, आणि तिथेच वकिलांची भाची थेल्मा त्यांना भेटली. १९३० च्या डिसेंबरात दोघांचं लग्न झालं. किस्सा गोड आहे आणि नेहमी गोडच सांगितला जातो. पण त्या काळच्या रस्त्याकडे जरा पायी चालणाऱ्याच्या बाजूने बघा. एकाच घराण्याच्या छत्राखाली देशातली वेगवान गाडीही होती आणि विमा कंपनीही होती. तरी त्या गाडीसमोर आलेल्या माणसासाठी विमा असलाच पाहिजे, असं सांगणारा कायदा नव्हता. घरातला कर्ता माणूस गेला तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी कोर्टात दावा लावायचा. कोर्ट फी भरायची. निकाल लागला आणि गाडीवाल्याकडे पैसे असले, तर मिळायचे.

इंग्लंडने त्याच १९३० साली एक चमत्कारिक सौदा केला. नव्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने मोटारींची ताशी २० मैलांची वेगमर्यादा काढून टाकली, आणि त्याच कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. एका हाताने वेग मोकळा सोडला, दुसऱ्या हाताने त्या वेगाची किंमत आधीच वसूल करून ठेवली. वेगमर्यादा पुढे वस्त्यांपुरती परत आली. विम्याची सक्ती टिकली.

आपल्याकडे ती आली १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातून. पण विम्याचं आठवं प्रकरण तेवढं बाजूला ठेवलं गेलं, आणि ते अमलात आलं १ जुलै १९४६ ला. मध्ये सात वर्षं. तरी कोर्ट दिवाणीच राहिलं. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय केली, म्हणजे कुटुंबाला वेगळं, सोपं दार मिळालं. १९८२ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. चूक कोणाची हे सिद्ध होण्याआधीच मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये द्यायचे. रक्कम किरकोळ, पण विचार मोठा. चालकाचा दोष शोधत बसण्याआधी घरातली चूल पेटली पाहिजे, हे कायद्याने मान्य केलं. आजचा १९८८ चा कायदा लागू झाला तो १ जुलै १९८९ ला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई मृत्यूसाठी ५ लाख झाली आहे.

मध्यंतरी विम्याच्या दुनियेतही उलथापालथ झाली. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या राष्ट्रीयीकरणात चार सरकारी कंपन्यांमध्ये सामावल्या गेल्या, त्यातली एक न्यू इंडिया. २००० नंतर खासगी कंपन्या परत आल्या. २००७ पासून तुमच्या गाडीच्या विम्याचे दर बाजारावर सोडले, म्हणून तर आज फोनवर दहा कंपन्यांचे भाव एकाखाली एक दिसतात. तिसऱ्या माणसाचा दर मात्र बाजारावर सोडला नाही. आणि लोक पहिल्या वर्षानंतर विमा नूतनीकरण करतच नाहीत हे बघून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, नवी मोटार विकतानाच तीन वर्षांचा आणि दुचाकी विकताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्या. ते १ सप्टेंबर २०१८ पासून सुरू आहे.

म्हणजे १९१४ पासूनचा हा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर, ‘तिसरा माणूस’ या शब्दाभोवतीचं वर्तुळ हळूहळू मोठं होत गेलं. आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात, वर्तुळाच्या कडेला कोण उभं आहे? कोड नेहमी कडेलाच मोडतो.

एक कड तुमच्या शेजारच्या सीटवर आहे. स्पोर्ट्स कारला बहुतेक वेळा दोनच कामाच्या सीट असतात. शेजारी मित्र बसला आहे. तो तिसरा माणूस आहे का? नुसत्या सक्तीच्या पॉलिसीत नाही. दुचाकीच्या मागे बसलेल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसं स्पष्ट केलं. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मोटारीतल्या सोबत्याची जबाबदारी कंपनीवर येते, हे २०१२ च्या निकालाने पक्कं झालं. तीन वर्षं संपली आणि गाडी जुनी झाली म्हणून पैसे वाचवायला कोणी नुसत्या थर्ड पार्टीवर आलं, तर सगळ्यात आधी उघडा पडतो तो शेजारचा मित्र.

दुसरी कड बघायला तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैलीचा घाट चढावा लागेल. वाटेत बाजाराच्या दिवशी पिकअप भेटतात. मागच्या उघड्या हौद्यात बायका, म्हातारी माणसं, पोरं, पोती, कोंबड्या, सगळे उभे. एसटी दिवसातून मोजकी, पाडे लांब, आणि ऊसतोडीला गुजरातेत जायचं असलं तरी बिऱ्हाड याच हौद्यात चढतं. पिकअप मालवाहू वाहन आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा थर्ड पार्टी दर त्याच २०२२ च्या तक्त्यात १६,०४९ रुपये आहे. मस्टँगच्या दुपटीहून जास्त.

पण हौद्यात उभी असलेली ही माणसं त्या १६,०४९ रुपयांत नाहीत. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर प्रवास करणाऱ्या मालाच्या धन्याला आणि त्याच्या प्रतिनिधीला आत घेतलं. बाकीचे, फुकट बसलेले किंवा भाडं देऊन बसलेले, यांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात ठरवलं. त्याआधी १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने उलट कौल दिला होता. तीन वर्षांत दार उघडलं आणि बंद झालं. त्यानंतर काही प्रकरणांत न्यायालयांनी ‘कंपनीने आधी द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ अशी वाट काढली आहे, पण ती कृपा, हक्क नव्हे. एरवी भरपाई पिकअपच्या मालकाने द्यायची. त्याची एकमेव मालमत्ता बहुतेकदा तीच दरीत पडलेली, कर्जावरची पिकअप असते.

निकालामागचं तर्कशास्त्र मला समजतं. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, कंपनीने त्या जोखमीचा पैसा घेतलेला नाही. करार म्हणून हे बरोबर आहे. पण ही सक्ती मुळात करारातून निघालीच नव्हती. ज्याची कागदावर सही नाही त्याच्यासाठीच ती १९४६ मध्ये आली.

आता त्याच वळणावर दोन शक्यता मांडून बघा. पहिली, पिकअपचा ब्रेक निकामी झाला आणि ती एकटीच खाली गेली. हौद्यातल्या माणसांना पिकअपच्या विम्यातून हक्काने काही नाही. दुसरी, सातपुड्यात पावसाळा बघायला निघालेल्या एमएच-१२ च्या एखाद्या स्पोर्ट्स कारने वळणावर चुकीच्या बाजूने येऊन तिला धडक दिली. आता हौद्यातली तीच माणसं त्या कारच्या दृष्टीने पूर्णपणे तिसरा पक्ष आहेत. कारच्या ७,८९७ रुपयांत त्यांच्या जिवाची भरपाई कमाल मर्यादेशिवाय बसते. ज्या गाडीत ती उभी आहेत तिच्या विम्यापेक्षा, समोरून येणाऱ्या परक्या गाडीचा विमा त्यांना जास्त जवळचा आहे.

म्हणून गाडी जरूर घ्या. रंग निवडा, झिरो डेप घ्या, आयडीव्ही ताणून बघा. पण तीन वर्षांनी जेव्हा त्या दुसऱ्या भागाच्या नूतनीकरणाचा मेसेज येईल, तेव्हा तो त्याच दिवशी भरा. पहिल्या भागात उशीर झाला तर नुकसान तुमचं आहे. दुसऱ्या भागात उशीर झाला तर तो ज्याच्या अंगावर पडेल, त्याला तो मेसेज आलेला नसतो.