एका फसलेल्या अल्बमचे दप्तर

माझा आणि हेवी मेटल संगीताचा संबंध काय, असे कोणी विचारले तर 'शेजारधर्माचा' एवढेच उत्तर मला देता येईल. नव्वदच्या दशकात आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलगा आतल्या खोलीत कॅसेट लावून बसायचा आणि बाहेरच्या खोलीत मी सातवीचे इतिहासाचे पेपर तपासायचो. मधल्या दारातून जे काही यायचे त्याला मी 'गोंगाट' असे नाव देऊन टाकले होते. एकदा नाव दिले की विचार करण्याची गरज उरत नाही!

२००३ साली चिरंजीव नुकतेच नोकरीला लागले होते. मेटॅलिका या त्याच्या लाडक्या बँडचा 'सेंट अँगर' हा नवा अल्बम आला आणि पगारातून त्याने ती सीडी विकत आणली. दार लावून ऐकत बसला. सव्वा तासाने बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला. "काय रे, काय झाले?" मी विचारले. "काही नाही बाबा. वाईट आहे," तो म्हणाला. मी हसून म्हणालो, "मग आधीचे काय चांगले होते?"

तो काही न बोलता आत गेला. भांडण वगैरे काही झाले नाही. पण त्यानंतर संगीत हा विषय आमच्या घरातून उठून गेला तो गेलाच.

गेल्या दिवाळीत मंडळी घरी आली होती. नातवाने सहज विचारले, "बाबा, मेटॅलिकाचा सगळ्यात वाईट अल्बम कोणता?" मुलगा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "सेंट अँगर." आणि माझ्याकडे एकदा पाहून गप्प झाला. वीस वर्षांपूर्वीचे माझे ते वाक्य त्यालाही आठवत होते तर! मला फार ओशाळल्यासारखे झाले. जन्मभर मुलांना शिकवले की साधन आधी नीट वाचा, मग मत द्या. आणि घरात मात्र न ऐकताच निकाल देऊन मोकळा झालो होतो. म्हटले, आता तरी दप्तर उघडून पाहू.

तर थोडी पूर्वपीठिका. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे लार्स उलरिक या डेन्मार्कहून आलेल्या मुलाने साथीदार हवेत म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिला जेम्स हेटफिल्ड याने उत्तर दिले. एक ड्रम वाजवणारा, दुसरा गिटार वाजवून गाणारा. इंग्लंडच्या हेवी मेटलमधली घोटीव सफाई आणि पंकचा बेफाम वेग यांच्या मिश्रणातून त्या काळात थ्रॅश मेटल नावाचा प्रकार तयार होत होता. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर आणि अँथ्रॅक्स हे त्यातले चार बिनीचे बँड. त्यातला मेगाडेथ हा १९८३ साली मेटॅलिकातून काढून टाकलेल्या डेव्ह मस्टेनने उभा केलेला, म्हणजे भाऊबंदकी इथेही आहेच.

१९८६ च्या मार्चमध्ये त्यांचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात जतन करण्यासाठी पुढे ज्या मुद्रणांची निवड केली, त्यांत हा अल्बम आहे. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना बस उलटली आणि बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन चोविसाव्या वर्षी गेला. महिनाभरात जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला. १९८८ च्या अल्बममध्ये या नव्या गड्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. गेलेल्याचे दुःख आलेल्यावर काढण्याची ही रीत आपल्या घरांतूनही दिसते.

१९९१ चा अल्बम तर एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक खपला. पैसा आला, कीर्ती आली. २००० साली नॅपस्टर या गाणी फुकट वाटून घेण्याच्या सेवेवर त्यांनी खटला भरला आणि तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची नावे सादर केली. ते सगळे त्यांचे स्वतःचेच श्रोते होते! कायद्याने बाजू त्यांची असेल, पण चाहत्यांची मने दुखावली. २००१ च्या जानेवारीत न्यूस्टेड बाहेर पडला. त्याला स्वतःचे वेगळे काम करायचे होते आणि हेटफिल्डला ते मान्य नव्हते.

अशा मोडक्या अवस्थेत उरलेले तिघे सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी वसाहतीत नवा अल्बम करायला बसले. आपसांत बोलणे जमेना म्हणून एक सल्लागार नेमला. त्याची फी महिना चाळीस हजार डॉलर. जुलैमध्ये हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी निघून गेला तो पुढच्या वर्षीच कामावर परतला. आल्यावरही दुपारी बारा ते चार एवढेच काम करायचे, अशी त्याची अट. या सगळ्या काळात दोन चित्रपटकार कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. त्यांचा माहितीपट २००४ साली लोकांसमोर आला. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे खालच्या ओळी वाचत, थांबवत थांबवत मी तो चार दिवसांत पाहिला.

आणि मग हेडफोन लावून अल्बम ऐकला. अकरा गाणी, पंचाहत्तर मिनिटे.

मुलगा खरेच बोलला होता. ऐकवत नाही. स्नेअर नावाच्या ड्रमच्या तळाशी तारा ताणलेल्या असतात. त्यांच्यामुळे आघाताला एक कोरडा, दाणेदार आवाज येतो. लार्सने त्या तारा सैल सोडून दिल्या. परिणामी सबंध अल्बमभर कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत असल्यासारखे वाटते. गाणी लांबच लांब, कारण सुचेल तसे वाजवून नंतर त्याचे तुकडे संगणकावर जोडले आहेत. पूर्वी शब्द हेटफिल्ड एकटा लिहायचा. आता भांडण नको म्हणून सगळ्यांनी मिळून लिहिले. बासला माणूसच नव्हता, तेव्हा निर्माता बॉब रॉकने तो स्वतः वाजवला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कर्क हॅमेटच्या गिटारचा एकही सोलो नाही. आपल्या मैफलीत गायकाने ताना घ्यायच्याच नाहीत असे ठरवावे, तसलाच प्रकार.

माहितीपटात हा हॅमेट शांतपणे एक मुद्दा मांडतो. सध्या सोलोची फॅशन नाही म्हणून तुम्ही तो गाळलात, तर हा अल्बम याच काळाचा शिक्का घेऊन बसेल. मी तिथे फिल्म थांबवली. इतिहासाच्या मास्तराला ऐकून आनंद व्हावा असे ते बोलणे होते. त्याचे कोणी ऐकले नाही, आणि झालेही तसेच.

पण इथेच माझ्या मनात एक विचार आला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा भर होता तो अस्सल पत्रांवर. बखर वाचायला रसाळ असते, पण ती बहुधा मागाहून, सगळे निवल्यावर लिहिलेली. पत्र घाईत खरडलेले, अर्धवट, वाचायला कंटाळवाणे. पण ज्या क्षणी माणूस अडचणीत होता त्या क्षणीच ते लिहिलेले असते. 'सेंट अँगर' ही बखर नाही, ते पत्र आहे. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेली माणसे एका खोलीत बसली की जो आवाज होईल, तोच त्यात उतरला आहे. सोलो नाही, कारण कोणी पुढे येऊ नये. शब्द सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नाहीत. घरातही समेटासाठी जेव्हा प्रत्येक जण आपली चांगली गोष्ट आवरून धरतो, तेव्हा शांतता राहते, पण घराची चव जाते.

याचा अर्थ अल्बम चांगला ठरतो असे नाही. तो वाईटच. पहिल्याच आठवड्यात तो अमेरिकेत अव्वल आला, २००४ साली त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळाले, तरी वाईटच. पण निरर्थक नाही. बँड फुटला नाही. बासवर रॉबर्ट ट्रुहियो आला, २००८ च्या अल्बममध्ये सोलो परतले, आणि २०११ च्या ऑक्टोबरात हीच मंडळी बेंगळुरूला येऊन वाजवून गेली. ते वाईट पत्र लिहिले नसते तर पुढची चांगली लिहिली गेली असती का, कोण जाणे.

माहितीपटातला एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. लार्सचे वडील टॉर्बेन उलरिक, एके काळचे डेन्मार्कचे टेनिसपटू. लांब पांढरी दाढी, वय सत्तरीच्या पुढे, म्हणजे माझ्याच वयाचे. मुलगा त्यांना नवे काम ऐकवतो. म्हातारा लक्ष देऊन ऐकतो आणि सांगतो की मी असतो तर हे पुसून टाकले असते. लार्सचा चेहरा पडतो. निकाल माझ्यापेक्षा कठोरच. पण दोघांत बोलणे तुटत नाही, कारण म्हाताऱ्याने आधी ऐकले होते. माझ्या निकालात आणि त्याच्या निकालात एवढाच फरक.

परवा मुलाला फोन केला. म्हटले, "सेंट अँगर पूर्ण ऐकला. तू तेव्हा म्हणालास ते बरोबर होते. वाईट आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "सगळा ऐकलात? अहो बाबा, सगळा तर मीसुद्धा एकदाच ऐकलाय!"

आणि मग वीस वर्षांनी आम्ही अर्धा तास संगीतावर बोललो. आता त्याने 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐकायला सांगितला आहे. तो आवडेलच असे नाही. पण या वेळी आधी ऐकणार आहे.