पाटीखालची पाटी

माझी एक भाची जर्मनीत नोकरीला आहे. तिकडे आपल्या देशाचा मोटारीचा परवाना सहा महिनेच चालतो. मग पुन्हा विद्यार्थी होऊन परीक्षेला बसावे लागते. गेल्या दिवाळीत ती घरी आली ती अभ्यासाचे पुस्तक घेऊनच. रात्री जेवणे आटोपली की पुस्तक माझ्या हाती देऊन ती म्हणे, "मामा, विचार." मी विचारी आणि ती सांगे. तांबडा त्रिकोण, आत वाकडी रेघ, म्हणजे वळण. तांबडे कडे, आत 80, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचे नाही. सारे बिनचूक.

मग एका पानावर ती अडली. त्रिकोणाखाली एक लहानशी आयताकृती पाटी होती आणि तिच्यावर '200 मी.' एवढेच लिहिले होते. "दोनशे मीटरवर धोका." बरोबर. शेजारच्या चित्रात तसाच आकडा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना उभे बाण. "तेच की!" ती म्हणाली. ते तेच नव्हते. पहिली पाटी सांगते, धोका दोनशे मीटरवर सुरू होतो. दुसरी सांगते, धोका इतक्या अंतरापर्यंत टिकतो. आणि 80 च्या कड्याखाली 'रस्ता ओला असताना' अशा अर्थाचे शब्द आले, की कोरड्या दिवशी ती मर्यादा लागूच होत नाही. वरचे चिन्ह हुकूम देते आणि खालची पाटी तो हुकूम कोणाला, कुठे व केव्हा ते ठरवते. शिकणाऱ्याचे डोळे मात्र वरच्या चित्रावरच खिळतात.

ह्या धाकट्या पाटीचा इतिहास मला फार गमतीचा वाटतो. तो इंग्लंडात नीट सापडतो, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरील पाट्यांचे आजोळही तेच.

आरंभी चित्र नव्हतेच. होते ते केवळ शब्द. 1880 नंतरच्या काळात इंग्लंडातल्या सायकलस्वारांच्या मंडळांनी आपल्या खर्चाने डोंगरउतारांवर फलक लावले. 'सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे' असा त्यांचा मजकूर. त्या वेळच्या सायकलींचे ब्रेक ध्यानात घेतले, तर उतारावर फलक वाचायला मिळणे हेही थोडे नव्हते.

पुढे मोटारी आल्या. 1903 च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी 20 मैल केली, आणि 1904 मध्ये सरकारी परिपत्रकाने चिन्हांचे आकार ठरवून दिले. मनाईसाठी भरीव तांबडी तबकडी. सावधगिरीसाठी पोकळ तांबडा त्रिकोण. आणि जिथे ताशी 10 मैल किंवा त्याहून कमी मर्यादा असेल तिथे 18 इंच व्यासाचे पांढरे कडे, व त्याखाली मर्यादेचा आकडा लिहिलेली पाटी. पुरवणी पाटीची जन्मनोंद शोधायची झाली तर मी ह्या कड्याखालच्या पाटीपाशी थांबेन. नुसते कडे काहीच सांगत नव्हते. बोलत होती ती पाटी.

1909 साली पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात चार चित्रे ठरली: खड्डा-उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. युरोपात एका दिवसात दोन-तीन भाषा ओलांडणाऱ्या मोटारवाल्याला शब्दांचा उपयोग नव्हता, त्याला चित्र हवे होते. इंग्लंड मात्र बेट. तिथे वाचता येणारी माणसे आणि एकच भाषा. चित्रांची घाई कोणाला? दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले त्यांचे धोक्याचे खांब असे असत: माथ्यावर रिकामा तांबडा त्रिकोण, आणि त्याखाली वेगळ्या पाटीवर चित्र व शब्द. शाळेसाठी तर जळती मशाल काढलेली असे! विद्येची ज्योत म्हणून ती शोभली असेल. पण परक्या चालकाला तिथे आग लागली आहे असे वाटले तर त्याचा काय दोष? 1931 साली जिनिव्हाला चिन्हांच्या एकीकरणाचा करार झाला, त्यातही इंग्लंड सामील झाले नाही.

ह्या पद्धतीचा खरा पेच दोन चिन्हांत दिसे. बाजूच्या रस्त्यावरून हमरस्त्याला येताना तांबड्या कड्यात उलटा त्रिकोण लावलेला असे. खालच्या पाटीवर कुठे 'सावकाश, पुढे हमरस्ता' असे, तर कुठे 'थांबा, पुढे हमरस्ता' असे. दुसरी पाटी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची असे खरी, पण वरचे चिन्ह तेच. म्हणजे वेग कमी करायचा की गाडी पुरती उभी करायची, हा जीवनमरणाचा भेद खालच्या पाटीवर सोपवलेला!

हा भेद कळणाऱ्यांची परीक्षा तरी होत होती काय? 1934 साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर 7,343 माणसे मेली. गाड्या तेव्हा सारख्या पंचवीस लाखही नव्हत्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 जून 1935 पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. तोपर्यंत पैसे भरावेत, परवाना घ्यावा आणि निघावे, असा कारभार होता.

युद्धानंतर गाड्या वाढल्या, वेग वाढले आणि शब्द वाचायला वेळ उरेना. 1961 साली सर वॉल्टर वर्बॉईज ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 1963 मध्ये तिचा अहवाल आला, आणि 1 जानेवारी 1965 पासून नवी चिन्हे लागू झाली. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट ह्या दोघांनी ती आखली. खालच्या पाटीतले चित्र त्यांनी उचलून त्रिकोणाच्या पोटात ठेवले. मशाल गेली. जुन्या चित्रात टोपीवाला मोठा मुलगा लहान मुलीला घेऊन चालला होता; कॅल्व्हर्टबाईंनी मुलीला मोठी केली आणि लहान मुलाचा हात तिच्या हाती दिला. ती मुलगी म्हणजे आपल्याच बालपणीच्या छायाचित्रावरून काढलेली आकृती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अशी मोठी बहीण आपल्याही प्रत्येक आळीत दिसते.

खालची पाटी मात्र गेली नाही. चित्राला 'शाळा' म्हणता येते, 'सकाळी आठ ते दहा' म्हणता येत नाही. 8 नोव्हेंबर 1968 रोजी व्हिएन्नाला जो करार झाला, त्याने ह्या पाटीला रीतसर स्थान दिले: अंतर किती, लांबी किती, कोणत्या वाहनांना, कोणत्या वेळी. माझ्या भाचीला चकवणारे ते दोन उभे बाणही त्यातलेच. शब्द लिहायचे तर त्या त्या देशाच्या भाषेत लिहावेत, असेही करार म्हणतो.

देशाच्या भाषेत! हे वाक्य वाचून मला आपला महामार्ग आठवला. वयस्क वाचकांना आपल्याकडचेही ते रिकामे त्रिकोण आणि खालची पाटी स्मरत असेल. इंडियन रोड्स काँग्रेसने 1977 साली चिन्हांची संहिता छापली; आता चित्र त्रिकोणाच्या आतच असते. पण पुढच्या सूचना शब्दांतच येतात, आणि त्या शब्दांखालून लुधियान्याचा ट्रकवाला जातो, सेलमचाही जातो. 'अपघातप्रवण क्षेत्र' हे सात-आठ जोड-वळणांचे शब्द त्याला काय सांगत असतील? मराठी पाटी मराठीत असावी ह्याबद्दल माझे दुमत नाही. घाटात रात्री उतरणाऱ्या त्या माणसाची काळजी मात्र वाटते. आकडा आणि बाण त्याला कळतो. म्हणून त्या मुक्या बाणांबद्दल मला आदर आहे.

आणि शब्द कळूनही काय होते, तेही सांगून टाकतो. पुण्यात अरुंद रस्त्यांवर गाड्या एका बाजूला सम तारखेला व दुसऱ्या बाजूला विषम तारखेला लावायच्या असतात. मी मराठी, पाटी मराठी, हातात घड्याळ. तरी महिन्याच्या 31 तारखेनंतर लगेच 1 तारीख येते, दोन्ही विषम, हे माझ्या ध्यानी आले नाही. काल ह्या बाजूला होती म्हणून आज त्या बाजूला लावली, आणि दंड भरला. भाची हसून हसून बेजार झाली.

परत जाण्यापूर्वी तिला गाडी चालवायला देऊन मी शेजारी बसलो. गावाबाहेर एका जुन्या खांबावर रंग उडालेली पाटी होती: 'वाहने सावकाश हाका.' तिने ती मोठ्याने वाचली, वेग कमी केला आणि विचारले, "मामा, मोटार हाकतात?" मी म्हटले, "ज्याने लिहिले त्याच्या पुढे बैल असतील. तू ब्रेकवर पाय ठेव."