फलटणची विजेवरची रिक्षा आणि बीएमएसचा प्रश्न

ईव्हीवर संशोधन करायचंय? मग लोणी भापकरच्या दक्षिणेला, नीरेपलीकडच्या फलटणचा इतिहास आधी वाचा. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षावाल्यांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून विजेवरच्या रिक्षेवर काम सुरू केलं. बॅटरी होती लेड-ॲसिडची. ती थोडी जास्त चार्ज झाली तर पाण्याचं विघटन होतं आणि मागे राहिलेले सेलही भरून निघतात. लिथियम सेलला ही सवलत नाही. एकच सेल मर्यादेबाहेर गेला तरी आग लागू शकते. म्हणून प्रत्येक सेलचं व्होल्टेज पाहणारी बीएमएस लागते. २०२२ मध्ये ई-स्कूटर पेटल्यावर एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. थोडक्यात, रसायन बदललं की संशोधनाचा प्रश्न बदलतो. तेव्हा जुना पेपर हातात घेतलात की आधी बघा, यातली बॅटरी कोणती?