रोजगार आणि नदी : मावूर रेयॉन्स संघर्षाचा ऐतिहासिक मागोवा (१९५८-२००१)

प्रस्तावना :
औद्योगिक प्रदूषणाच्या प्रश्नावर कामगार चळवळ व पर्यावरण चळवळ स्वभावतःच परस्परविरोधी ठरतात, अशी धारणा रूढ आहे. केरळमधील मावूर (जि. कोझिकोड) येथील ग्वाल्हेर रेयॉन्स कारखान्याच्या इतिहासाच्या आधारे ही धारणा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाने १९५८ मध्ये बिर्ला उद्योगसमूहाशी करार केला. सवलतीच्या दरात बांबू पुरविण्याची हमी शासनाने दिली आणि १९६३ मध्ये लगद्याचे उत्पादन सुरू झाले. सांडपाणी मात्र चालियार नदीत सोडले जाई. त्यामुळे पैलतीरावरील वाझक्काड परिसरात असंतोष निर्माण झाला. १९७४ च्या करारान्वये व्यवस्थापनाने प्रदूषण-नियंत्रण मान्य केले. तथापि तक्रारी थांबल्या नाहीत.

संघर्षाचे स्वरूप :
१९८५ मध्ये कारखाना बंद पडला, तो पर्यावरणवाद्यांमुळे नव्हे, तर कामगार व व्यवस्थापन यांच्यातील कलहामुळे. सुमारे तीन वर्षांच्या या काळात कामगार कुटुंबांची उपासमार झाली. काही कामगारांनी आत्महत्या केल्या. ए. वासू यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्रो’ या कामगार संघटनेने कारखाना सुरू करण्यासाठी आंदोलन केले व १९८८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्याबरोबर नदीचे प्रदूषणही परतले. वाझक्काडचे के. ए. रहमान यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. १९९९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००१ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला.

विवेचन :
एकाच कालखंडाची स्मृती दोन्ही तीरांवर भिन्न होती. कामगारांसाठी ती तीन वर्षे उपासमारीची, तर नदीकाठच्या रहिवाशांसाठी स्वच्छ पाण्याची होती. साहजिकच १९८८ नंतर प्रदूषण-नियंत्रणाची प्रत्येक मागणी कामगारांना टाळेबंदीची पूर्वसूचना वाटू लागली. वस्तुतः टाळे लावण्याचा आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा, असे दोन्ही अधिकार व्यवस्थापनाकडेच होते. शासनाने कच्च्या मालाची हमी दिली होती. नदीची वा कामगाराच्या पर्यायी उपजीविकेची तशी हमी कोणीही घेतली नाही.

निष्कर्ष :
मावूरचा संघर्ष हा श्रम विरुद्ध निसर्ग असा नव्हता. उद्योगाची जोखीम दोन दुर्बल समूहांत विभागली गेली आणि ते समूह परस्परांना प्रतिपक्ष मानू लागले. २००१ मध्ये नदीची सुटका झाली, ती कामगारांच्या रोजगाराच्या मोलाने. म्हणूनच प्रदूषणविषयक इतिहासलेखनात नदीच्या नोंदीबरोबर कामगाराच्या वेतनाचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.