हाताशी ठेवलेली माहिती : व्यावसायिक प्रोग्रॅममधील कॅशचा इतिहास

व्यावसायिक संगणकप्रणालीचा बराचसा वेळ आकडेमोडीत जात नसून साठवलेली माहिती प्रोसेसरपर्यंत येण्याची वाट पाहण्यात जातो, आणि हा वेळ वाचविण्यासाठी वारंवार लागणाऱ्या माहितीची एक प्रत अधिक जलद स्मृतीत ठेवण्याच्या पद्धतीला कॅश असे म्हणतात. या पद्धतीमुळे प्रणालींचा वेग वाढत असतानाच, मूळ माहिती बदलल्यावर तिची प्रतही खरी राहील हे पाहण्याची जबाबदारी यंत्राकडून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे सरकत गेली, आणि कॅशच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे स्थित्यंतर हेच आहे.

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत आणि हिशेबाची कोणतीही नोंद आधीच्या नोंदी न चाळता थेट काढता येई. परंतु वाचणारा भाग योग्य जागी पोचण्यास सरासरी सुमारे ०.६ सेकंद लागत असे. स्मृती आणि साठवण यांच्यातील हे अंतर बुजविण्याचा मोठा प्रयत्न मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली झाला. तेथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात चुंबकीय कड्यांची जलद स्मृती आणि फिरत्या ड्रमवरील मंद साठवण या दोन्ही प्रोग्रॅमला एकसंध भासत असत. माहिती ५१२ शब्दांच्या ‘पानां’त विभागलेली असे, आणि जागा अपुरी पडल्यास कोणते पान ड्रमवर परत पाठवावे हे पूर्वीच्या वापराचा अंदाज घेऊन यंत्रणाच ठरवीत असे.

केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये हाच विचार प्रोसेसरच्या अधिक जवळ नेला आणि मुख्य स्मृतीच्या पुढे एक लहान, अतिजलद स्मृती ठेवण्याची कल्पना एका छोट्या शोधनिबंधात मांडली. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात तिला व्यापारी रूप मिळाले. त्यातील कॅश अवघ्या १६ किलोबाइटपासून सुरू होई, तरीही ती उपयुक्त ठरली, कारण कोणताही प्रोग्रॅम काही काळ थोड्याच माहितीभोवती घोटाळत राहतो. या गुणधर्माला स्थानिकता म्हणतात, आणि पीटर डेनिंग यांनी त्याच सुमारास त्याचा पद्धतशीर विचार मांडला. या यंत्रात प्रत्येक बदल कॅशबरोबर मुख्य स्मृतीतही तत्काळ लिहिला जात असल्याने प्रोग्रॅमरला कॅशचे अस्तित्व ठाऊक नसले तरी चालत असे.

डेटाबेसने डिस्कवरील पाने स्मृतीत राखून ठेवण्यास सुरुवात केल्यावर, कोणते पान किती काळ ठेवणे परवडते हा खर्चाचा प्रश्न पुढे आला. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये त्याला नेमके उत्तर दिले. दर सेकंदाला डिस्कवरून एक वाचन करण्याच्या क्षमतेची किंमत त्या वेळी सुमारे २,००० डॉलर आणि एक किलोबाइट स्मृतीची सुमारे ५ डॉलर होती. या दोन्हींचे गुणोत्तर ४०० येते, म्हणजेच एक किलोबाइटची नोंद साधारण ४०० सेकंदांच्या आत पुन्हा लागणार असेल तर ती स्मृतीत ठेवणेच स्वस्त पडते. ढोबळमानाने ‘पाच मिनिटांचा नियम’ म्हणून हे गणित प्रसिद्ध झाले.

इथपर्यंत प्रत आणि मूळ यांचा मेळ यंत्र किंवा डेटाबेस राखत होता. वेबच्या काळात मात्र एकाच डेटाबेसवर अनेक सर्व्हरांचा भार पडू लागला आणि कॅश डेटाबेसच्या बाहेर आली. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग-संकेतस्थळासाठी तयार केलेल्या मेमकॅशडने अनेक यंत्रांवरील मोकळी स्मृती एकत्र वापरात आणली. परंतु डेटाबेसमधील नोंद बदलल्याचे मेमकॅशडला आपोआप कळत नसल्याने जुनी प्रत पुसणे किंवा तिला मुदत घालून देणे हे प्रोग्रॅमचे काम झाले. हे काम किती अवघड आहे, हे फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून स्पष्ट होते. एका सर्व्हरने डेटाबेसमधून वाचलेले मूल्य कॅशमध्ये पोचण्याआधीच दुसऱ्याने मूळ नोंद बदलली, तर शिळे मूल्य कॅशमध्ये जाऊन बसते. म्हणून मूल्य न सापडलेल्या सर्व्हरला कॅश एक परवाना देई आणि मध्यंतरी ती नोंद रद्द झाल्यास त्या परवान्यावर आलेले मूल्य नाकारीत असे. याच काळात जावा भाषेतील व्यावसायिक प्रोग्रॅमांसाठी कॅशचे समान मानक ठरविण्याचे काम २००१ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये पूर्ण झाले.

या वाटचालीमुळे एकेकाळी यंत्ररचनेपुरता असलेला निर्णय व्यवसायाच्या ज्ञानाचा भाग झाला आहे. राज्यांची यादी किंवा वस्तूचे वर्णन काही तास जुने असले तरी ग्राहकाचे नुकसान होत नाही. परंतु खात्यातील शिल्लक किंवा गाडीतील शेवटची जागा क्षणभर जुनी असली तरी एकच रक्कम अथवा एकच जागा दोघांना दिली जाऊ शकते. त्यामुळे कॅशचा आकार ठरविण्यापूर्वी कोणती माहिती किती काळ शिळी चालेल हे ठरवावे लागते, आणि ते व्यवहार जाणणाऱ्या माणसालाच ठरविता येते.