तपासणी आणि विचारपूस

शाळकरी मुलांच्या आरोग्यसेवेचा इतिहास लिहू जाता प्रथम एक शब्द आडवा येतो: तपासणी. शिक्षणखात्याचे साहेब शाळेची तपासणी करीत आणि डॉक्टर विद्यार्थ्याची. दोन्ही वेळी मूल रांगेत उभे, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार समोरच्याकडे. हा निव्वळ शब्दांचा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

इंग्लंडमध्ये 1907 च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी आली. त्यानंतर दोनच वर्षांत, 1909 मध्ये, ती बडोद्यात सुरू झाली; हिंदुस्थानातील हा पहिला प्रयोग मानला जातो. सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संस्थानभर लागू केले होते. मुलाला सक्तीने शाळेत बसवायचे तर त्याच्या शरीराकडेही पाहावे लागणार, हा तर्क त्यामागे सहज दिसतो. पुढे भोर समितीने 1946 च्या अहवालात या सेवा देशात जवळजवळ नाहीतच असे नोंदवले. रेणुका राय समितीचा अहवाल 1961 चा. त्यानंतरही चित्र फारसे पालटले नाही.

आता आमच्या परिसराकडे येऊ. उल्हासनगर म्हणजे महायुद्धकाळातील लष्करी कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथील बराकींत राहिली आणि 1949 मध्ये गावाला नवे नाव मिळाले. पत्त्यात बराक क्रमांक आजही लिहिला जातो. घर गमावलेल्या त्या पिढीच्या मुलांना शाळेत कोणी काय विचारले असेल? वजन-उंचीच्या रकान्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात झाला. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधते. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र ते सरकारी व अनुदानित शाळांपुरते. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या वसाहतींतल्या विनाअनुदानित शाळा त्याबाहेर राहतात. शिवाय वर्षातून एकदा येणाऱ्या अनोळखी माणसाला दात दाखवता येतात, भीती सांगता येत नाही. (हायस्कुलातील मुलगा तर दातही नाइलाजानेच दाखवतो.)

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासननिर्णय मार्च 2022 चाच होता. तक्रारपेट्या, कॅमेरे यांची चर्चा मग जोरात झाली. कॅमेरा ही पुन्हा तपासणीच! त्या मुली पूर्वप्राथमिक वयाच्या होत्या, त्यांचे त्यांच्या पालकांनी ऐकले. चौदा वर्षांची मुलगी मात्र बहुधा घरीही बोलत नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' चालवून जे विषय मराठीत उघड बोलायला घेतले, त्यांना आमच्या शाळांत अजून धड शब्द नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. शाळांनाही ते लागू आहेत. 'समुपदेशन' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना परका आहे. 'विचारपूस' हा घरातला शब्द. आजाऱ्याच्या उशाशी बसून करायची गोष्ट. आणि उल्हासनगरच्या एकाच वर्गात घरची भाषा सिंधी, हिंदी, मराठी अशी तिहेरी असते. नेमला जाणारा माणूस यांपैकी कोणत्या भाषेत विचारपूस करणार, हे मात्र त्या निर्देशांवरून ठरणार नाही. ते शाळेलाच ठरवावे लागेल.