म्हादई खोरे : सामायिक जलनोंदींची गरज आणि यंत्रणा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई सत्तरीतून गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. तिचे खोरे २,०३२ चौरस किलोमीटरचे आहे. त्यापैकी १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात, ३७५ कर्नाटकात व ७७ महाराष्ट्रात मोडते. खोरे एक असले, तरी पाऊस, पाणीपातळी व विसर्ग यांच्या नोंदी राज्यांची खाती, हवामान खाते व केंद्रीय जल आयोग स्वतंत्रपणे ठेवतात.

वादाचे मूळ : नदीत दरवर्षी किती पाणी येते, यावरच राज्यांचे दावे भिन्न होते. २०१० मध्ये नेमलेल्या म्हादई जलतंटा लवादाने २०१८ च्या निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी १८८.०६ टीएमसी धरले आणि गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ व महाराष्ट्रास १.३३ टीएमसी वाटा दिला. या निवाड्यास राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

मोजणीतील अडचणी : घाटात पाऊस उंचीनुसार झपाट्याने बदलतो, पायथ्याच्या पर्जन्यमापकावरून माथ्याचा अंदाज बांधता येत नाही. खालच्या मांडवीत भरती-ओहोटी असल्याने नदीचा निव्वळ विसर्ग मोजणे कठीण जाते. म्हणून भरतीच्या टप्प्याबाहेरील गांजे येथील जल आयोगाच्या केंद्राच्या नोंदी संशोधकांना मोलाच्या ठरतात. विसर्ग बहुधा पाणीपातळीवरून काढला जातो. पुरानंतर पात्र बदलले, की पातळी व विसर्ग यांचे गणित पुन्हा तपासावे लागते.

एकत्रीकरण म्हणजे काय : आकडे एका ठिकाणी साठवणे पुरेसे नसते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. दुसऱ्या यंत्रणेने तो मध्यरात्री संपवला, तर एकाच रात्रीचा पाऊस दोन तारखांवर पडतो आणि पुराचे पूर्वानुमान चुकते. त्यामुळे समान वेळ, समान एकके, केंद्राचे अचूक स्थान व प्रत्येक दुरुस्तीची नोंद आवश्यक असते.

उपलब्ध यंत्रणा : केंद्राच्या जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९५ मध्ये सुरू झाला, गोवा दुसऱ्या टप्प्यात सहभागी झाला. २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प देशभर राबवला गेला. २०१८ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय जलमाहिती केंद्र ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ हे संकेतस्थळ सांभाळते. म्हादईसाठी २०२३ मध्ये ‘प्रवाह’ हे प्राधिकरण नेमले गेले असून त्याचे मुख्यालय पणजीत आहे.

पुढील कसोटी : लवादाच्या निवाड्याचा फेरविचार २०४८ नंतर होऊ शकतो. त्या वेळी पुरावा म्हणून आजपासून ठेवलेल्या नोंदीच पुढे येतील. त्या तिन्ही राज्यांना मान्य नसतील, तर पाणी किती, हा मूळ प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.